सिंहाच्या ड्रेसचं आसन परत परत का उसवतं? (शेपूट, टोपी आणि कानांसकट)

ऑगस्ट उजाडला की आमच्या बडोद्यात हा प्रश्न ठरलेलाच. 10 ऑगस्टला जागतिक सिंह दिवस, गुजरातेतल्या शाळांमधून त्या दिवशी मुखवटे, रॅली, प्रतिज्ञा असलं सगळं असतं, आणि केजीतल्या पोरांना तर दुसरं काही व्हायचंच नसतं, सिंहच व्हायचं असतं. मग घरोघरी मशीनवरचं कव्हर निघतं, आणि कार्यक्रमाला दोन दिवस उरले की दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांची एकच तक्रार, काकू, मागची शिवण परत उसवली हो, आत्ताच तर शिवली होती.

आणि सगळ्यांनी केलेला उपायही एकच असतो. दुहेरी टीप मारली, तरी उसवली. मग कोणीतरी सांगितलं म्हणून नायलॉनचा दोरा घातला. आता दोरा नाही तुटला, कापडच फाटलं, आणि ते पण शिवणीच्या शेजारून, म्हणजे आता शिवायला जागाच नाही.

तर पहिली गोष्ट, त्या शिवणीला दोष देणं सोडा. शिवण बिचारी जिथे ताण येतो तिथे उसवते, ताण दुसरीकडून येतोय. बहुतेक वेळा दोनच कारणं असतात, ड्रेस अंगात तोकडा आहे, नाहीतर शेपटाचं ओझं सगळं त्या एका शिवणीवर लटकतंय. पुष्कळदा दोन्ही. ही दोन्ही न बघता परत टीप मारलीत तर ती परत उसवणारच, लिहून घ्या.

आता हे होतं कसं ते सांगते. आपण माप घेतो तेव्हा पोरगं उभं असतं. खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची घेतली, छाती घेतली, कंबर घेतली, बाह्या घेतल्या, झालं. पण स्टेजवर सिंह उभा राहतो का? टीचर सांगतात, आता सगळे सिंह दबा धरून बसा, आता उडी मारा, आता डरकाळी फोडा. पोरगं उकिडवं बसलं की पाठ वाकते, बूड बाहेर येतं, आणि मानेपासून आसनापर्यंतचं (आसन म्हणजे दोन पायांमधली शिवणीची जागा) मागचं अंतर चांगलं तीन-चार इंचांनी वाढतं. टी-शर्ट आणि पॅन्ट वेगळी असली की तिथे कमरेला दोन्ही सरकतात, म्हणून रोजच्या कपड्यात आपल्याला हे कधी जाणवतच नाही. सिंहाचा ड्रेस अख्खा एक असतो, गळ्यापासून पायापर्यंत, सरकायला जागा कुठेच नाही. मग जाणार कुठे? टर्र.

म्हणून जे माप कोणी घेत नाही ते घ्या. टेप मानेच्या पुढच्या खळीपासून खाली, पोटावरून, दोन पायांमधून, मागून वर पाठीवरून, परत मानेच्या मागच्या हाडापर्यंत. टेप ढिला धरायचा. आणि हे माप पोराला उकिडवं बसवूनच घ्यायचं, उभं करून नाही. मग तोच टेप ड्रेसवर लावा, पुढच्या गळ्यापासून आसनावरून मागच्या गळ्यापर्यंत. ड्रेसचं माप अंगाच्या मापापेक्षा होजिअरीच्या, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या, कापडात निदान 2 इंच आणि न ताणणाऱ्या कापडात, म्हणजे वेल्वेट, सॅटिन, साधं कॉटन यात, 4 इंच जास्त पाहिजे. कमी निघालं तर उत्तर तुमच्या हातात आलं, पुढचं वाचायच्या आधीच.

मशीनवर बसायच्या आधी फाटलेली जागा उजेडात नेऊन नीट बघा, घाई करू नका. तीन प्रकारे उसवतं आणि तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

दोरा तुटलाय, कापड धड आहे, दोन्ही बाजूंना तुटक्या दोऱ्याची टोकं दिसतायत, असं असेल तर कापड ताणलं गेलं पण टीप ताणली गेली नाही. होजिअरी, फ्लीस, स्ट्रेच वेल्वेट यावर साधी सरळ टीप मारली की हे होतंच. मशीनला झिगझॅग असेल तर अगदी बारीक झिगझॅग लावा, रुंदी कमी ठेवून, बाहेरून कळत पण नाही. आणि घरात आजीच्या वेळचं काळं पायाचं मशीन असेल, ज्यात सरळ टिपेशिवाय काही नाही, तरी काही बिघडत नाही. टाका थोडा बारीक करा आणि शिवताना कापड पुढून मागून दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. किंचितच हां, जोरात ओढलंत तर सुई वाकून प्लेटवर आपटते आणि मोडते. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोऱ्याला लवचिकपणा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे दोरा शाबूत आणि कापड टिपेच्या ओळीतून तिकिटासारखं फाटलंय. इथे टाका फार बारीक पडलाय, त्यात त्याच जागेवरून दोन-तीनदा टीप गेली, प्रत्येक वेळी सुईने भोकं पाडली. त्या भोकांच्या ओळीवर ताण आला की कापड तिथूनच जातं. पक्कं करायच्या नादात हे होतं. अशा जागी परत टीप मारायची नाही, आतून पॅच लावायचा, आणि तो पॅच फाटलेल्या भागापेक्षा सगळीकडून इंचभर मोठा घ्यायचा.

तिसरा, टाके तसेच्या तसे उभे आहेत पण कापडाच्या कडेचे धागे सुटून कापड टाक्यांतून निसटून आलंय. म्हणजे माया, शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड, कमी सोडली होती. वेल्वेट आणि सॅटिनची कड फार सुटते, पाव इंच माया तिथे चालतच नाही. निदान अर्धा इंच सोडा, आसनात पाऊण, आणि कडेला ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडेवरून मारतात ती टीप, करून घ्या. घरी ओव्हरलॉक नसेल तर गल्लीतल्या दरजीकडे नुसतं कडा मारून द्या म्हटलं तर करतो कोणीही. सप्टेंबरात मात्र विचारू नका. एकदा चणिया-चोळीची कामं सुरू झाली की नवरात्र संपेपर्यंत कोणी असल्या किरकोळ कामाला हात लावत नाही.

एक चौथं पण आहे, ते उसवणं नाही, टाकेच पडलेले नसतात. टीप मारताना मशीन मध्येमध्ये टाका सोडतं, आपल्या लक्षात येत नाही, आणि पहिल्याच ओढीला सगळी शिवण झिपसारखी उघडते. होजिअरीवर असं झालं तर नव्वद टक्के सुई. सुई बदला, नवी टाका, आणि विणलेल्या कापडासाठी गोल टोकाची सुई मिळते ती मागा, ती धागे कापत नाही, बाजूला सारून आत जाते. पातळ होजिअरीला 11 नंबर, जाड फ्लीसला 14, फर असेल तर 16. मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी सुई बदलून बघा, आणि सुई वरपर्यंत पूर्ण गेलीये ना तेही बघा.

आता ड्रेस शिवून तयार आहे, तोकडा निघालाय, आणि परवा कार्यक्रम. काय करायचं?

मला विचाराल तर कमरेत सरळ कात्री लावा. हो, अख्खा ड्रेस कमरेवर आडवा कापा. लोक घाबरतात, पण हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. खालचा भाग झाला पायजमा, वर नेफा करून इलॅस्टिक घाला. वरचा भाग झाला टॉप, त्याला खाली त्याच रंगाची सहा-सात इंचांची पट्टी जोडा म्हणजे तो मांडीपर्यंत येईल आणि हात वर केले तरी पोट दिसणार नाही. त्याच रंगाचं कापड उरलं नसेल तर जुन्या टी-शर्टचं लावा, पिवळा जरा वेगळा असला तरी पोटाकडचा रंग फिकाच असतो सिंहाचा. दोन भाग झाले की सरकायला जागा आली, आसनावरचा ताण गेला, आणि बाथरूमला नेणाऱ्या मावशी तुम्हाला दुवा देतील ते वेगळंच. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना तर मी अख्खा एक ड्रेस शिवूच नका म्हणते. मागे चेन, आत घामाने चिकटलेलं पोरगं, आणि त्याला घाईची लागलीये, विचार करा.

कापायचं नसेल, म्हणजे आजोबांनी हौसेने पोटावर पेंटिंग केलंय वगैरे, तर आसनात मियानी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, घाला. आपल्या जुन्या पायजम्यांना असायची तीच. चार शिवणी जिथे येऊन मिळतात, पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या, तिथून प्रत्येक शिवण तीन-तीन इंच उसवा. मग होजिअरीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा बेता, प्रत्येक बाजू 6 इंच अधिक माया. त्याची चार टोकं चार शिवणींत गेली पाहिजेत. आधी हाताने धावदोरा घालून बसवून बघा, थेट मशीनवर गेलात तर कोपऱ्यात चुणी पडणारच. कोपऱ्यावर आलं की सुई कापडात खुपसलेली ठेवायची, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली. टीप सुरू आणि बंद करताना मागेपुढे दोन-तीन टाके घेऊन पक्की करा, गाठ मारून सोडू नका. एवढ्याशा तुकड्याने लांबी पण वाढते आणि पाय फाकवायला जागा पण होते, एका दगडात दोन पक्षी.

आणि हे करून झाल्यावर ट्रायल आरशासमोर घेऊ नका. पोराला ड्रेस घालून उकिडवं बसवा, दोन्ही हात वर करायला सांगा, मग झोपाळ्यावर चढायला लावा, आपल्याकडे बहुतेक घरांत असतोच. एक पाय वर, हाताने कडी पकडलेली, बूड बाहेर, यात जो ताण येतो तेवढा स्टेजवर येत नाही. बसताना गळा मागे ओढला जातोय का बघा, जात असेल तर पाठ अजून तोकडी आहे. काखेत काचतंय तर अख्खं मापच कमी आहे. मांडीवर आडव्या घड्या पडतायत तर लांबी ठीक आहे, घेर कमी आहे, बाजूच्या शिवणी सोडा. आणि शेपूट नसताना सगळं ठीक आहे पण शेपूट लावलं की मागून लोंबतंय, तर दोषी शेपूट.

शेपटाबद्दल बोलायचं तर बोलायला बरंच आहे. बहुतेक जण काय करतात, कापडाची लांब पिशवी शिवतात, त्यात घरातल्या चिंध्या ठासून भरतात, टोकाला लोकरीचा हा एवढा गोंडा, आणि हे सगळं मागच्या शिवणीत धरून टीप मारतात. हातात धरून बघा कधी ते शेपूट. पाण्याची भरलेली बाटली बांधल्यासारखं वजन असतं, आणि पोरगं पळतं तेव्हा ते नुसतं लटकत नाही, हिसके देतं. वर मागचं पोरगं ते ओढणार. ओढणारच, सिंहाचं शेपूट समोर आलं आणि ओढलं नाही असं पोर मी तरी बघितलेलं नाही.

तर शेपूट ड्रेसला लावायचंच नाही. शेपूट पट्ट्याला लावायचं आणि पट्टा कमरेला, ड्रेसच्या आतून, बनियनवरून. दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिक घ्या, पोराच्या कमरेपेक्षा 2 इंच कमी, पुढे वेल्क्रो. पट्ट्यावर मागच्या बाजूला जुन्या जीन्सचा चार इंची चौकोन शिवून टाका, त्याने वजन पसरतं, नाहीतर इलॅस्टिक एकाच जागी वाकून खाली मान टाकतं. ड्रेसच्या मागच्या शिवणीत, बुडाच्या वर, 2 इंचांची फट ठेवा, दोन्ही टोकं पक्की करा, आणि शेपूट त्यातून बाहेर काढा. दोन भागांचा ड्रेस असेल तर फटीचीही गरज नाही, टॉपला मागे मधोमध एक कट द्या आणि शेपूट त्यातून येऊ द्या.

आता शेपूट आणि तो जीन्सचा तुकडा कायमचे शिवू नका. शेपटाच्या वरच्या टोकाला दीड इंच रुंद चपटी जीभ ठेवा आणि तिला दोन मोठी टिचबटणं लावा, जोडीदार जीन्सच्या तुकड्यावर. नुसत्या वजनाने ती निघत नाहीत, पण कोणी जोरात ओढलं की टच्‌ करून शेपूट हातात येतं आणि पोरगं उताणं पडत नाही. काहीजणी म्हणतात मग स्टेजवर शेपूट पडलं तर. पडू दे की! परत लावता येतं. डोकं आपटलं तर काय करणार.

भरायला पॉलिस्टरचा उशीत भरतात तो फायबर घ्या, दुकानात रेक्रॉन म्हटलं की कळतं. कापूस नको, एक तर जड, आणि ऑगस्टात पाऊस काय सांगून येत नाही, एकदा भिजला की गोळे होतात आणि दोन दिवस वाळत नाही. वरच्या तिसऱ्या हिश्शात जरा दाबून भरा म्हणजे शेपूट बुडापाशी उभं राहतं, खाली खाली ढिलं करत जा, आणि शेवटचा वीतभर तर जवळजवळ रिकामाच ठेवा. लांबी पोटरीपर्यंत, त्याच्या खाली नको. जमिनीला टेकलं की दुसऱ्याच्या पायाखाली आलंच.

शेपटाला बाक पाहिजे असतो सगळ्यांना, आणि त्यासाठी तार घालतात. लहान पोरांच्या ड्रेसमध्ये तार मला अजिबात पसंत नाही, टोक कधी कापडातून बाहेर येईल सांगता येत नाही, मग कितीही गुंडाळा. त्याऐवजी शेपटाची लांब शिवण शिवताना तिच्यात पाव इंची इलॅस्टिक ताणून धरून बरोबर शिवून टाका. सोडलं की शेपूट आपोआप एका बाजूला वळतं. कुठल्या बाजूला वळायला हवंय ते भरायच्या आधीच ठरवा, वरच्या बाजूला हवं असेल तर शिवण वर ठेवायची. पण शेपटाचं कापड फार जाड असेल तर हे जमत नाही, इलॅस्टिक हरतं.

गोंडा मात्र हवाच. अख्ख्या मांजरकुळात शेपटाच्या टोकाला असा गोंडा फक्त सिंहाला असतो, आणि आपल्या गीरच्या सिंहाचा आफ्रिकेतल्यापेक्षा मोठा. पण लोकरीचा नको, फरच्या पट्टीचा करा, पट्टी गुंडाळून टाके घाला, लोकरीपेक्षा हलका होतो.

आता गीरच्या सिंहाचा विषय निघालाच आहे तर टोपीचं सांगून टाकते, कारण दुसरी मोठी तक्रार तीच, टोपी डोळ्यांवर येते. यातली गंमत अशी की जी चूक आहे ती शिवणाची नाही, चित्राची आहे. आपण ड्रेस बेततो तो कार्टूनमधल्या आफ्रिकन सिंहाचा, डोक्याभोवती सूर्यासारखी गोल आयाळ, कपाळापासून सुरू. सगळा फर चेहऱ्याच्या कडेला, सगळं वजन पुढे, मग टोपी पुढे झुकणार नाही तर काय करेल? गीरच्या सिंहाची आयाळ डोक्यावर विरळ असते, कान कायम दिसतात, आफ्रिकन सिंहाचे आयाळीत बुडालेले असू शकतात. आणि 2025 च्या गणनेत 891 सिंह निघाले ते सगळे आपल्या गुजरातेतले, तर शाळेत दिवस ह्यांचा साजरा करायचा आणि ड्रेस त्यांचा घालायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

तर कपाळावर फर नको. फक्त गालांच्या बाजूने, हनुवटीखालून आणि मानेमागे लावा, आणि चेहऱ्याच्या कडेपासून दीड-दोन इंच मागे. वजन मागे गेलं की टोपी आपसूक मागे बसते. तरी पुढे येत असेल तर टोपीची मापं बघा, कपाळापासून डोक्यावरून मानेच्या खळीपर्यंतची लांबी जास्त झाली असेल. मागे मधोमध एक टक, म्हणजे कापड चिमटीत धरून शिवलेली घडी, घेऊन कमी करा, पुढून कापू नका. टोपी ड्रेसला जोडलेली असेल आणि मान वळवली की टोपी तिथेच राहून पोराचा अर्धा चेहरा झाकला जातो, तर ती सरळ वेगळी करा. हनुवटीखाली बांधायला नाडी अजिबात नको, कोणी मागून ओढलं तर गळ्याला फास बसेल, वेल्क्रोचा छोटा तुकडा लावा, ओढल्यावर सुटतो.

कान पडतात, हे पण ठरलेलं. बकरम, म्हणजे आत घालायचं कडक कापड, घाला म्हणतात सगळे, घालाच, पण नुसत्या बकरमने काम होत नाही, कारण कान टोपीवर चपटा ठेवून खालच्या एका रेषेत शिवला तर तो दारासारखा मागेपुढे हलणारच. कानाच्या बुडाला मधोमध एक चुणी घाला म्हणजे तो पन्हाळीसारखा वळेल, आणि टोपीवर वरून न शिवता टोपीला तिथे दीड इंचाचा टक घेऊन त्या टकाच्या आत कानाचं बूड धरून शिवा. उभा राहतो आणि उभाच राहतो. शिवून झालेल्या टोपीवर करायचं असेल तर तेवढीच चीर द्या, कान आत सरकवा, उलट बाजूने शिवा.

मुखवट्याच्या भानगडीत पडू नका. दमट हवा, त्यात तोंडावर प्लास्टिक, पोरगं दोन मिनिटांत काढून फेकतं. नाकावर काळा ठिपका आणि मिशा पुरतात.

कापडाचं आता. मंगळ बाजारात, नवा बाजारात फर बघितला की मोह होतो, मऊ मऊ, अगदी सिंहासारखा, आणि दुकानदार पण सांगतो, आ नहीं फाटे, बेन. फाटणार नाही हे खरंच आहे, पण आतलं पोरगं उकडून निघेल त्याचं काय. अख्खा ड्रेस फरचा करायचा नाही, ऑगस्टात तर नाहीच. अंग होजिअरीचं, टी-शर्टच्या कापडाचं, फर फक्त आयाळ, गोंडा आणि हवं तर मनगटाला. आधीच फर-वेल्वेटचा शिवून झाला असेल तर आत निदान सुती बनियन घाला आणि काखेत आतल्या बाजूला इंचभर न शिवता सोडा, हात खाली असताना दिसत नाही.

फर कापताना कात्री चालवू नका, उलटा करून ब्लेडने फक्त पाठीचं कापड कापा. कात्रीने केस पण कापले जातात, मग जोडाच्या जागी टक्कल दिसतं. केसांची दिशा एकच ठेवा, वरून खाली, एक तुकडा उलटा लागला की लांबून सुद्धा कळतं. टीप मारायच्या आधी कडेचे केस आतल्या बाजूला सारून टाचण्या लावा, टाका लांब करा, पायाचा दाब सैल करा, आणि शिवून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर ओढून जुन्या कंगव्याने विंचरा. जोड सापडणार नाही. हे सगळं गच्चीत करा, नाहीतर पुढचा आठवडाभर आमटीत सुद्धा फर निघेल. इस्त्री फरवर फिरवायची नाही, वितळतो, आणि याच कारणाने आरतीच्या वेळी, निरांजनाच्या आसपास, असल्या ड्रेसमधलं पोरगं नको.

चेन लावलीये आणि ती लाटांसारखी वर-खाली झालीये? होजिअरी ताणून चेनवर शिवली की होतं. उसवा, कापडाच्या कडेला आतून इस्त्रीने चिकटणारी पेस्टिंगची अर्धा इंची पट्टी लावा, मग चेन आधी कच्च्या टाक्यांनी जोडा आणि मग टीप. पट्टी नसेल तर जुन्या सुती साडीची काठाची पट्टी पण चालते. आणि चेन पुढे लावा, पाठीला नको, आणि तिच्या वरच्या टोकाला हनुवटीखाली कापडाची छोटी टोपी करा, नाहीतर मानेचं कातडं चिमटीत येतं.

अजून एक, हे फार कोणी करत नाही पण केलं तर टीचर विचारतील. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली लांबच लांब कातड्याची घडी लोंबते, डोक्याकडून शेपटाकडे जाणारी, ती आशियाई सिंहाची खूणच आहे. ड्रेस पोटावर घट्ट होत असेल तर बाजूंच्या शिवणी सोडत बसण्यापेक्षा पोटावर मधोमध उभी चीर देऊन दोन इंचांची फिकट पट्टी घाला आणि तिची सैल घडी राहू द्या. घेर पण वाढतो, खूण पण येते, आणि कार्यक्रमानंतर शाळेत समोसे-जिलबी असतेच, ती पण मावते.

ड्रेस पुढे डिसेंबरच्या गॅदरिंगला वाघ म्हणून वापरायचा विचार असेल तर पट्टे फॅब्रिक पेंटने रंगवताना होजिअरीच्या आत पुठ्ठा घालून कापड थोडं ताणून धरा आणि मग रंगवा. सैल कापडावर रंगवलं की अंगात घातल्यावर पट्टे तडकतात आणि वाघाचा झेब्रा होतो. गोंडा आणि आयाळ सोडवता येतील अशी टिचबटणांवर लावली असतील तर काम सोपं, शिवली असतील तर आत्ताच उसवून घ्या, आणि पायजम्याच्या तळाला दीड इंच माया दुमडून ठेवली नसेल तर ती पण ठेवा, चार महिन्यांत पोरं उंच होतात.